आजी, नात आणि जहाज: पहिल्या क्रूझसाठी कोणती कंपनी धरावी?

नमस्कार गुरुजी,

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालात, संत्र्याचा आंबिया बहारही यंदा बऱ्या भावात गेला, आणि आता घरातल्या सहा जणांनी मिळून क्रूझवर जायचं ठरतंय: तुम्ही दोघं, 74 वर्षांच्या आई, पुण्याचे मुलगा-सून आणि सहा वर्षांची नात. शेजारी मुंबईहून कॉर्डेलियानं जाऊन आले, ते म्हणतात तीच करा. मुलगा म्हणतो सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन. साडभाऊ म्हणतात, एकदाच जायचं तर युरोप. यातली कोणती चांगली?

मी वरुडात 18 वर्षं हाच धंदा करतो. सुरुवात शेगाव-शिर्डीच्या बसनं केली, मग चारधाम, मग सिंगापूर. समुद्र कधी न पाहिलेली माणसं समुद्रावर नेणं हे माझं काम. आपल्याकडं मोठं पाणी म्हणजे सिंभोऱ्याचं धरण. त्यामुळं माझं उत्तर पुण्या-मुंबईच्या एजंटापेक्षा थोडं वेगळं येईल.

तुमच्या प्रश्नात दोन कंपन्यांची नावं आणि एक युरोप आहे, पण मी जहाज निवडताना आधी घरातलं सगळ्यात अवघडणारं माणूस कोण ते बघतो. तुमच्याकडं त्या आई आहेत. गुडघे दुखतात, चतुर्थीला आणि एकादशीला कांदा-लसूण नाही, रात्री साडेआठला जेवून नऊला झोपायची सवय. मुलगा कुठल्याही जहाजावर मजा करेल, नात तर बादलीतल्या पाण्यातही खुश असते. जहाज आईंपासून निवडत यायचं.

आधी कॉर्डेलिया. त्यांचं 'एम्प्रेस' हे जहाज 1990 सालचं आहे, आणि पूर्वी ते रॉयल कॅरिबियनकडंच होतं. म्हणजे तुमचे शेजारी ज्या बोटीवर जाऊन आले ती तुमच्या मुलाच्याच आवडत्या कंपनीची जुनी बोट. 2021 च्या सप्टेंबरात ती मुंबईहून सुरू झाली. लांबी 211 मीटर, मजले अकरा. आजच्या मानानं लहान. केबिनी लहान, बाथरूम तर अशी की अंग पुसताना कोपर भिंतीला लागतं. पण आईंच्या दृष्टीनं हेच लहानपण सोयीचं. केबिनमधून जेवायच्या जागेपर्यंत चालणं कमी, जहाजात हरवणं कमी. सिंगापूरला येणारी रॉयल कॅरिबियनची जहाजं 348 मीटरच्या आसपास लांब असतात. एका टोकाला केबिन आणि दुसऱ्या टोकाला बुफे असला की दिवसातून चार वेळा एक-तृतीयांश किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं.

जेवण हा कॉर्डेलियाचा मोठा गुण. स्वयंपाक भारतीय माणसांसाठीच केलेला, जैन जेवण मिळतं, आणि वाढणाऱ्याला 'कांदा-लसूण नको' हे हिंदीत सांगता येतं. ही छोटी गोष्ट नाही. परदेशी जहाजावर शाकाहारी पाटी लावलेल्या भांड्यापुढं थांबून आपली माणसं पाच-पाच मिनिटं नुसती बघत राहिलेली मी पाहिली आहेत. एकदा मोर्शीच्या एका आजीनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बाप्पा, एवढं अन्न मांडलं, आन् भाकर नाई." मग तिनं दही-भात कालवून खाल्ला, तीन दिवस तोच. तक्रार काही केली नाही, पण परत आल्यावर पहिल्या आठवड्यात अख्ख्या गल्लीला तेवढंच सांगितलं.

भारतातल्या भारतात, मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीप, जाणार असाल तर पासपोर्टची गरज नाही, आधार किंवा मतदार कार्ड चालतं. अमरावती-मुंबई एक्स्प्रेसनं रात्रभरात सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअरचा धक्का दोनेक किलोमीटर. हिशेब सोपा दिसतो, तरी त्याच सकाळच्या गाडीच्या भरवशावर जाऊ नका. एक दिवस आधी पोचा, दादर-परळला कुणा नातेवाइकाकडं मुक्काम करा. गाडी उशिरा आली तर एसटी थांबते, लग्नाचा मुहूर्त थांबतो, पण जहाज थांबत नाही.

एक खुणेची गोष्ट. शनिवार-रविवार धरून निघणाऱ्या फेऱ्यांवर तरुण मंडळी आणि कंपन्यांचे ग्रुप जास्त असतात, रात्री गाणी चालतात. आईंना घेऊन जायचं तर सोमवार ते गुरुवारच्या आतली फेरी बघा. भाडंही बहुधा कमी लागतं.

आता सिंगापूर. मुलाला वाटतं तिथं एकच कंपनी आहे, पण दोन आहेत आणि दोघींचा स्वभाव वेगळा.

रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातली जहाजं आलटून पालटून तिथं येतात; ओव्हेशन, क्वांटम, स्पेक्ट्रम, ॲन्थम अशी सगळी येऊन गेली. ॲन्थम 2015 सालचं, 1,68,666 टनांचं. त्यावर नॉर्थ स्टार नावाची काचेची कोठडी आहे, ती क्रेनसारख्या हातानं माणसांना समुद्रापासून 300 फुटांवर उचलते. टक्कर मारायच्या गाड्या आहेत, हवेच्या झोतावर तरंगायचं यंत्र आहे. दिवसभर काहीतरी चालू. ही बोट म्हणजे जत्रा आहे, आणि जत्रेला दमणारी माणसं नेत नाहीत. भारतीय जेवण बुफेत असतं, मुख्य डायनिंगमध्येही मिळतं, पण सांगितलं तरच. पहिल्या दिवशी मुख्य वाढप्याला गाठायचं आणि आपलं काय चालतं, काय नाही ते लिहून द्यायचं. दुसऱ्या रात्रीपासून तुमच्या टेबलावर आपोआप डाळ येते. हे न करणारे शेवटपर्यंत कुरकुरतात.

दुसरी कंपनी स्टारड्रीम क्रूझेस (2025 पर्यंत तिचं नाव रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस होतं), जहाज 'जेंटिंग ड्रीम'. 2016 सालचं, 1,50,695 टनांचं, 18 मजल्यांचं. सुरुवातीला ते ड्रीम क्रूझेस या नावानं चालायचं. मूळ कंपनी जेंटिंग हाँगकाँग 2022 च्या जानेवारीत बुडाली, आणि त्याच वर्षी रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नावानं हे जहाज सिंगापूरहून पुन्हा सुटलं. आशियातल्या प्रवाशांसाठीच बांधलेलं असल्यामुळं भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय तिथं उशिरा सुचलेली नाही, ती मुळातच आहे. पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, नातीला त्या पुरे. माझे आजी-आजोबांसकटचे ग्रुप मी जास्त करून इथं नेले. रॉयल कॅरिबियनच्या मानानं झगमगाट थोडा कमी, कॅसिनोकडं ओढ थोडी जास्त.

टनांवरून आठवलं. जाहिरातीत टन लिहितात ते वजन नव्हे, जहाजाच्या पोटातली एकूण जागा. आम्ही धंद्यातले लोक त्या आकड्याला प्रवाशांच्या संख्येनं भागतो, एका केबिनला दोघं धरून. ॲन्थमला सुमारे 4,180 प्रवासी, म्हणजे माणशी 40. जेंटिंग ड्रीमला सुमारे 3,350, म्हणजे माणशी 45. एम्प्रेसला हाच आकडा 30 च्या आतबाहेर येतो. जाहिरातीतल्या फोटोपेक्षा या भागाकारावर माझा भरवसा जास्त. बुफेची रांग, लिफ्टसमोरची गर्दी, पोहण्याच्या तलावाशेजारी बसायला खुर्ची मिळणं, सगळं यात येतं. गणित तुमचाच विषय, तुम्हाला हे आवडेल.

युरोपचं मी थोडक्यात संपवतो, कारण तुमच्यासाठी ते आत्ता नाही. भूमध्य समुद्रात कोस्टा आणि एमएससी या दोन कंपन्यांची जहाजं आपल्या लोकांना स्वस्त दिसतात. जहाजं चांगली आहेत. पण तिथं एकाच फेरीत लोक बार्सिलोनाला चढतात, जेनोवाला चढतात, मार्सेलाही चढतात. घोषणा चार-पाच भाषांत होतात, त्यात आपली एकही नाही. रात्रीचं जेवण उशिरा. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाला, बोटांचे ठसे द्यायला मोठ्या माणसांना स्वतः जावं लागतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' लिहितात, तेव्हा जहाज चिविताव्हेकिया नावाच्या बंदरात लागतं, तिथून रोम 70-80 किलोमीटर. आपल्या वरुडला उतरवून 'नागपूर आलं' म्हणण्यातला प्रकार. सिंगापूरच्या फेऱ्यांतही 'क्वालालंपूर' म्हणजे पोर्ट क्लांग, तिथून शहर तासाभरावर. पेनांगला मात्र धक्का शहराला लागूनच आहे, उतरलं की पायी फिरता येतं. फुकेतला बहुतेक वेळा मोठी जहाजं दूर उभी राहतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्या छोट्या बोटीत पाय टाकताना दोन्ही बोटी वेगवेगळ्या हलतात. खलाशी दंडाला धरून घेतात, तरी गुडघेदुखीच्या माणसानं आदल्या रात्री विचार करून ठेवावा. लक्षद्वीपलाही असंच. तेव्हा फेरी निवडताना बंदरांची नावं बघाच, पण जहाज धक्क्याला लागणार की दूर उभं राहणार हेही विचारा. आईंसाठी मी पेनांगची फेरी धरीन.

भाड्याबद्दल. छापलेला आकडा कधीच शेवटचा नसतो. त्यावर पोर्टचे पैसे, जीएसटी, आणि परदेशी टूर असेल तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर. टीसीएस बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून पावती आणि पॅन नीट ठेवा. मग ग्रॅच्युइटी, म्हणजे बिलात आपोआप लागणारी सेवकांची टिप. रॉयल कॅरिबियनला ती साध्या केबिनला माणशी रोज 18 डॉलरच्या आसपास पडते, आणि लहान मुलालाही लागते. सहा माणसं, चार रात्री: 432 डॉलर. आजच्या भावानं 35 ते 40 हजार. घरून निघण्याआधी भरली तर बोचत नाही, शेवटच्या दिवशी बिलात दिसली की माणूस बिथरतो. मुलगा कधीमधी बिअर घेत असेल (बापाला माहीत असो-नसो), तर त्याला सांगा की रॉयल कॅरिबियनवर एकानं दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं. त्यापेक्षा लागेल तेव्हा एकेक बिअर विकत घेतलेली बरी.

कार्डाची गोष्ट सांगतो, कारण त्यात मी स्वतः फसलो. एका परदेशी जहाजावर चढताना माझ्या ग्रुपमधल्या एका शेतकरी भावानं अनामत म्हणून डेबिट कार्ड दिलं. मीच म्हटलं होतं, चालतं. कंपनीनं रोज काही डॉलर अडवून ठेवले, खर्च झाला त्याहून कितीतरी जास्त. उरलेले खात्यात परत यायला अठरा-वीस दिवस लागले. तोवर कापसाचे चुकारे आलेले असूनही त्याला खताच्या दुकानात उधारी सांगावी लागली. तो मला काही बोलला नाही, त्याची बायको मात्र बोलली. तेव्हापासून माझा नियम: क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर रोख अनामत भरा, डेबिट कार्ड खिशातून काढूच नका. बुकिंगचे पैसेही शक्यतो क्रेडिट कार्डानं द्या. या धंद्यात कंपन्या बंद पडतात. मुंबईहून 2019 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली जलेश क्रूझेस 2020 संपायच्या आत बंद झाली होती.

जहाज हलतं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण काकू विचारतील. मोठं जहाज कमी हलतं, लहान जास्त. शिवाय ऋतू. मुंबईहून नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत. मेपासून लाटा वाढतात आणि पावसाळ्यात त्या बाजूचं काम बंदच. कॉर्डेलियानं गेली काही वर्षं पावसाळ्यात आपलं जहाज चेन्नईकडं नेलंय. सिंगापूर-पेनांगचा रस्ता मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलाया, मधलं पाणी तळ्यासारखं. म्हणून नातीच्या शाळेमुळं मे महिनाच जमत असेल तर मुंबईचा विचार सोडा आणि सिंगापूर धरा. केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथं हेलकावा सगळ्यात कमी, आणि लिफ्टपासून जवळ मागा. 'गॅरंटी' नावाची स्वस्त केबिन मिळते, तीत नंबर कंपनी ठरवते. तुमच्यासाठी ती नको. लागलंच तर आल्याचा तुकडा आणि डॉक्टरांना विचारून ॲव्होमिन. एकदा एका काकूंनी संध्याकाळी साडेसातला मला फोन करून विचारलं, "काऊन वो, हे बोट सुटली का नाई अजून?" बोट साडेपाचलाच सुटली होती. त्या खिडकी नसलेल्या केबिनमध्ये झोपल्या होत्या.

त्यावरून केबिनबद्दल. बिनखिडकीची केबिन स्वस्त असते, तरुण पोरांना पुरते. आईंना तीत ठेवू नका. आत दिवस का रात्र कळत नाही, पहाटे चारला उठणारं माणूस घाबरतं. तुम्ही तिघं खिडकीच्या किंवा बाल्कनीच्या केबिनमध्ये राहा. बाल्कनीचे पैसे इथं वसूल होतात, कारण आई सगळ्या गमतीजमती सोडून तिथंच बसणार आहेत. एका आजोबांनी अख्खी तीन दिवसांची फेरी बाल्कनीतल्या खुर्चीवर, पायाखाली उशी घेऊन, फक्त पाण्याकडं बघत काढली. मी म्हटलं, आबा, वर कार्यक्रम आहे, चला. म्हणाले, "तू जाय. मले हे पाहू दे."

बांधाबांधीत दोन गोष्टी. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर चालत नाही. ठेच्याची बरणी, भाकरी, पुरणपोळी धक्क्यावरच काढून घेतात. बंद पाकिटातला चिवडा बहुधा जाऊ देतात. इस्त्री, विजेची किटली आणि वायरचा बोर्ड ही तीन आपल्या बायकांची लाडकी हत्यारं सुरक्षा तपासणीत जप्त होतात, परतताना मिळतात. माझ्या एका ग्रुपच्या चार किटल्या एकाच टेबलावर मांडलेल्या मी पाहिल्या, स्टीलच्या, सगळ्या सारख्या, आणि उतरताना कोणाची कोणती यावरून भांडण. आईंच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा; मोठी बॅग केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येते. जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये पैसे घेतो, म्हणून परदेशी फेरी असेल तर विमा घ्या, आणि त्यात आईंचा जुना आजार लिहा. लपवला तर विमा कागदच राहतो. जहाज निघालं की मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. भर समुद्रातल्या नेटवर्कचं रोमिंग घरी आल्यावर बिलात कळतं.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना लाइफजॅकेट आणि आणीबाणीत कुठं जमायचं ते दाखवतात. इटलीजवळ 2012 च्या जानेवारीत कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, 32 माणसं गेली. त्यानंतर हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यायचा नियम झाला. त्या वेळी चहा पीत बसू नका. आईंना हाताला धरून ती जागा एकदा दाखवून ठेवा.

तर माझं म्हणणं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जमत असेल आणि आईंचा हा पहिलाच मोठा प्रवास असेल, तर कॉर्डेलियाची दोन किंवा तीन रात्रींची, आठवड्याच्या मधली फेरी. पासपोर्ट नको, विमान नको, भाषा आपली. बारा-चौदा तासांचं विमान-विमानतळ त्यांना झेपणार असेल, तर जेंटिंग ड्रीम, पेनांगची फेरी. रॉयल कॅरिबियनवर मुलाला आणि सुनेला दोघांनाच जाऊ द्या कधीतरी, नात तुमच्याकडं ठेवून. त्यांनाही ते आवडेल, बोलतील कोणी नाही.

सिंगापूर ठरलं तर कागद आत्तापासून. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तरी उरलेली हवी. नातीचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो बघा. जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येतं, म्हणून तिथला व्हिसा दोनदा आत जाता येईल असा लागतो. मलेशियाला सध्या आपल्याला व्हिसा नाही, ऑनलाइन कार्ड भरावं लागतं. आईंचं नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं असं असेल, आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांचं हटकून असतं, तर ते आधी सरळ करा. त्यातच दोन महिने जातात. नागपूरहून सिंगापूरला जाताना विमान बदलावं लागतं, म्हणून सिंगापुरातही एक रात्र आधी पोचायचं.

आणि गुरुजी, एवढं सगळं तुम्ही लिहिलंत, शेजारी काय म्हणाले, मुलगा काय म्हणतो, साडभाऊ काय म्हणतात. आईंना जायचं आहे का, ते त्यात कुठं नाही. त्यांना विचारा, मग दुकानात या. मी संध्याकाळी सातपर्यंत असतो.